मेहनती त सारेच अस्तेत

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यातलं माझं सेवा केंद्र त्या दिवसांत दुपारी ओस असतं, कारण सगळी गावं पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात असतात. सातबारा काढायला माणूस येतो तोही दिवेलागणीला. अशाच एका दुपारी एक मावशी आपल्या पोराला घेऊन आल्या. पोरगा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. चाकणच्या एका कंपनीत मुलाखत होती आणि बायोडाटा इंग्रजीत पाहिजे होता. मावशी सरळ वावरातूनच आलेल्या. लुगड्यावर घरधन्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि बाहीला, खांद्याला कापसाचे तंतू चिकटलेले.

मी टाइप करत गेलो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, मार्क. शेवटी स्वभावाचे गुण लिहायची जागा असते. तिथं आल्यावर माझी बोटं मला न विचारता चालतात: ऑनेस्ट, पंक्च्युअल, डिलिजंट. प्रिंट काढली आणि कागद पोराच्या हातात दिला. मावशींनी तो त्याच्याकडून घेतला, जरा दूर धरून पाहिला आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"बाबू, हे खाली काय लिहेलं हाय?"

"पोरगा मेहनती हाय म्हणून लिहेलं हाय, मावशी."

"मेहनती त सारेच अस्तेत, बाप्पा. त्याच्यात काय लिव्हाचं?"

पैसे देऊन दोघं निघून गेली. मला उत्तर देता आलं नाही. मावशी टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. ज्या गावात सकाळी सहाला उठून स्वयंपाक आटोपून बाया डबा बांधून वावरात जातात, तिथं 'मेहनती' हे काही माणसाचं वर्णन होत नाही. ते 'दोन हात आहेत' असं लिहिल्यासारखं आहे. आणि मी गेली कित्येक वर्षं ते लिहीत आलो होतो, त्या 'डिलिजंट' या इंग्रजी शब्दाच्या पोटात काय आहे हे एकदाही न बघता.

त्या रात्री मी शब्द उलगडत बसलो. सुरुवात आपल्याच शब्दांपासून केली, कारण मावशींना मी सांगितला तो शब्द 'मेहनती' होता. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत 'मिहना' म्हणजे संकट, कसोटी. परीक्षेला हिंदी-उर्दूत 'इम्तिहान' म्हणतात, तोही त्याच धातूचा. म्हणजे मेहनती माणूस हा मुळात कसोटीत सापडलेला माणूस. मग 'कष्टाळू' घेतला. संस्कृतात कष्ट म्हणजे पीडा, दुःख. आपण आजही 'तो फार कष्टी झाला' म्हणतो, तेव्हा माणूस कामानं दमलेला नसतो, मनातून दुखावलेला असतो. जुना अर्थ त्या 'कष्टी'त अजून जिवंत आहे. 'श्रम' तर सरळ थकवाच. 'श्रमलात, बसा जरा' असं आपण पाहुण्याला म्हणतो.

बाहेरही काही वेगळं नाही. लॅटिनमधल्या 'लाबोर'चा अर्थ कष्ट आणि हालअपेष्टा. त्याचाच इंग्रजीत 'लेबर' झाला, आणि बाळंतपणाच्या वेणांनाही इंग्रजीत लेबरच म्हणतात. फ्रेंचमध्ये कामाला 'त्रावाय' शब्द आहे. त्याचं मूळ 'त्रिपालियम' या लॅटिन शब्दात सांगतात, आणि त्रिपालियम म्हणजे तीन खुंटांचं, माणसाला छळायचं साधन. एवढ्या भाषा, एवढी माणसं, आणि कामाला नाव द्यायची वेळ आली की सगळ्यांना आधी दुखणं आठवलं. मला याचं नवल वाटलं नाही. ज्यानं जूनच्या उन्हात धसकटं वेचली आहेत त्याला वाटणारही नाही.

मग 'डिलिजंट' उघडला, आणि तिथं मात्र दुखणं सापडलं नाही.

हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यामागे लॅटिन क्रियापद आहे, 'दिलिगेरे'. त्याचे दोन तुकडे होतात. 'दि' म्हणजे वेगळं, बाजूला. आणि 'लेगेरे' म्हणजे गोळा करणं, निवडणं, वेचणं. वेचणं! मी खुर्चीतून उठून अंगणात आलो. समोर ओसरीवर चार दिवसांचा वेचलेला कापूस पडला होता, पोरं त्यावर लोळून झोपली होती.

पुष्कळातून एक वेगळं वेचून काढायचं, हा त्या क्रियापदाचा पहिला अर्थ. जे वेचून काढलं ते मोलाचं वाटतं, आणि मोलाचं वाटतं त्याला माणूस जीव लावतो. अशा पायऱ्या चढत 'दिलिगेरे'चा अर्थ झाला आवडणं, आदरानं प्रेम करणं. लॅटिन बायबलात 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा याच क्रियापदानं दिली आहे. त्या भाषेत प्रेमाला दुसरा शब्दही होता, 'आमारे', तो अधिक भावनेचा. रोमन वक्ता सिसरोनं एका पत्रात एका माणसाची शिफारस करताना या दोन शब्दांची चढण वापरली आहे: याच्यावर माझं दिलिगेरेचं प्रेम तर आहेच, पण आमारेचंही आहे. म्हणजे दिलिगेरे हे आंधळं प्रेम नाही. बघून, पारखून, मोल ओळखून लावलेला जीव आहे. आणि असा जीव लावून, जपून काम करणारा तो 'दिलिगेन्स'. आपल्या आवड आणि निवड या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. लॅटिननं त्या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बांधल्या.

फ्रान्समध्ये पुढे या शब्दाला घाई चिकटली. तिथं जलद घोडागाडीलाच 'दिलिजांस' म्हणू लागले. इंग्रजीत तो बायोडाटापर्यंत पोहोचला तोवर त्यातलं प्रेम कोणाला दिसेनासं झालं होतं. पण शब्दाच्या आत ते आहे. एकदा दिसल्यावर मला ते विसरता येईना.

माझं लहानपण कापसाच्या वेचणीत गेलं. आमचं स्वतःचं चार एकर, तेही कोरडवाहू. आपली वेचणी झाली की आई दुसऱ्यांच्या वावरात जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्यामागे. वेचणी लांबून सोपी दिसते. कमरेला धोतराच्या फडक्याची ओटी बांधायची, झाडांच्या दोन ओळींमधल्या तासात शिरायचं, बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा. पण फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी होतात. घाईनं हात घातला की नखाच्या कडेला रक्त येतं. ते टाळायचं तर तीन बोटांची चिमूट नेमकी बोंडाच्या पोटाशी न्यायची आणि चार-पाच कप्प्यांतला कापूस एका ओढीत अलगद सोडवायचा. बोंडाखालची पानं तोवर वाळून चुरा व्हायच्या बेताला आलेली असतात. ओढ चुकली की तो चुरा कापसात येतो. म्हणून झाडाच्या खालच्या बोंडांपासून वर जायचं, नाहीतर वरचा पाचोळा खालच्या पांढऱ्या कापसावर पडतो. सकाळचं दव सुकलं की सुरू करायचं, पण ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त उरकायचं, कारण दुपारी पानं कडक होतात आणि नुसता धक्का लागला तरी तुटून चिकटतात. अर्धवट फुटलेलं बोंड उद्यावर सोडायचं. अळीनं खाल्लेली, पिवळी पडलेली कवडी ओटीत येऊ द्यायची नाही. ती वेगळ्या गाठीत, पदराच्या टोकाला.

मी सुरुवातीला दोन्ही हातांनी भराभर ओरबाडायचो. किलोवर मजुरी होती, मला वजन दिसायचं. आई माझ्या ओटीत हात घालायची, मूठभर कापूस काढायची, त्यातला पाचोळा एकेक करून उचलायची आणि मला दाखवायची.

"निरा हात नोको चालवू. डोये चालव."

परवा मी हिशेब मांडला. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस धरला तर एका किलोला अडीचशे बोंडं लागतात. बाईनं दिवसाला तीस किलो वेचला तर साडेसात हजार बोंडं. म्हणजे एका दिवसात साडेसात हजार वेळा तिच्या डोळ्यांनी ठरवलं, हे घ्यायचं की नाही. आणि तितक्याच वेळा तिच्या चिमटीनं ठरवलं, किती जोर लावायचा. संध्याकाळी वजनकाट्याशी तिच्या नावापुढे फक्त तीस लिहिलं जातं. ज्यांनी तिला कष्टाळू म्हटलं त्यांनी वाकलेली पाठ बघितली. साडेसात हजार निवडी कोणी मोजल्या नाहीत, कारण त्या पाठीवर दिसत नाहीत.

लेगेरेची बाकीची लेकरं मात्र आमच्या गावात राजरोस फिरतात, याचीही गंमत वाटली. कलेक्टर हा त्याच घरातला, गोळा करणारा. इंग्रजांनी त्याला महसूल गोळा करायला नेमलं म्हणून. इलेक्शन म्हणजे पुष्कळांतून वेचून काढणं, सिलेक्शनही तेच. लेगेरेचा पुढे 'वाचणं' असाही अर्थ झाला, डोळ्यांनी अक्षरं वेचणं, म्हणून लेक्चर. इंटेलिजंट म्हणजे दोहोंमधून नेमकं वेचू शकणारा. हे शब्द इकडे आले तेही कापसाच्याच वाटेनं. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्या नजरा या काळ्या मातीवर खिळल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. आमच्या दारव्ह्यावरून धावणारी शकुंतला गाडी, मूर्तिजापूर ते यवतमाळ, तीही मुळात कापूस बाहेर काढायलाच टाकलेली. आता ती बंद आहे, रुळांवर बाभळी उगवल्यात. कापूस गेला आणि बदल्यात जिन, प्रेस, ग्रेड, कॉटन मार्केट हे शब्द आले. निरक्षर म्हातारीही इथं 'जिनात', म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात जाते आणि 'ग्रेड' विचारते. वेचणीच्या बाईला मात्र तिच्याच कामातून निघालेला तो एक शब्द कोणी दिला नाही.

आणि या घराण्यातला एक शब्द मला टोचत राहिला. नेग्लेक्ट. 'नेक' म्हणजे नाही, पुढे तेच लेगेरे. न वेचणं, न उचलणं. डिलिजंटच्या नेमका उलटा शब्द निग्लिजंट, आणि दोघांच्या पोटात वेचणीच.

मी दहावीत होतो त्या वर्षी वेचणीच्या ऐन दिवसांत आई आजारी पडली. ताप आधी साधा वाटला, मग यवतमाळला न्यावं लागलं. बाबा तिच्याजवळ, मी शाळा आणि घर बघत होतो. बाया मिळेनात, सगळ्यांची वेचणी एकाच वेळी आलेली. आमचं वावर पांढरं होऊन उभं राहिलं. नंतर कापूस बोंडातून लोंबायला लागला, जसं कोणी वाट बघून बघून खाली वाकावं. मी रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन बघून यायचो. मग नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस आला. तिसऱ्या दिवशी गेलो तर सगळी पऱ्हाटी राखाडी, लोंबणाऱ्या कापसाला चिखलाचे थेंब, खाली पडलेला मातीत कालवलेला. आम्ही तो नंतर वेचला. व्यापाऱ्यानं ढिगात हात खुपसला, मूठ बाहेर काढली, बोटांनी पिंजून बघितली आणि काही न बोलता ढिगावर टाकली. भाव विचारायची गरजच राहिली नाही. बाबा काट्याशी उभे होते. नेग्लेक्टचा अर्थ 'दुर्लक्ष करणं' असा मी त्याच वर्षी शाळेत पाठ केला होता. दुर्लक्ष कोणाचंच नव्हतं. वेचलं गेलं नाही, एवढंच. शब्दाचा जुना अर्थ त्या वावराला जास्त लागू होता.

या सगळ्यात मनात एक अडचण होती, ती बोललीच पाहिजे. पोटासाठी, किलोच्या दरानं, दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या बाईच्या कामाला 'प्रेम' म्हणायचं का? मजुरी कमी देणाऱ्यांना तर असं बोलणं फार सोयीचं. ती आवडीनं करते, मग दर कशाला वाढवायचा! म्हणून मी दोन दिवस या विचाराला हात लावला नाही. पण आईचा हात डोळ्यांसमोरून हलेना. ती परक्या वावरातही कवडी वेगळी करायची. मालक ढिगाजवळ असो नसो. वजनात कवडी धरली असती तर दोन-तीन रुपये तिलाच जास्त मिळाले असते. मालकावर तिचं प्रेम नव्हतं, दरावर तर नव्हतंच. दरासाठी ती भांडायची, आणि जोरात भांडायची. तिचा जीव होता तो कापूस पांढरा राहण्यावर. तेवढं एक तिचं स्वतःचं होतं, ते तिला कोणी दिलेलं नव्हतं आणि कोणाला काढूनही घेता येत नव्हतं.

आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. आई वावराच्या कोपऱ्यात दगड मांडून हळद-कुंकू वाहायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, थोडा दहीभात पऱ्हाटीवर शिंपडायची. मग एका बोंडातला कापूस ओढून त्याचा लांब तंतू काढून त्याच झाडाभोवती गुंडाळायची. त्याआधी एका बोंडाला हात लावू द्यायची नाही. सीता म्हणजे संस्कृतात नांगराचं तास, हे मला फार नंतर कळलं. वेचायच्या आधी जे वेचायचं त्याला हात जोडायचे. दिलिगेरेच्या पायऱ्या आई उलट्या क्रमानं चढायची, आधी आवड, मग निवड.

मराठीत यासाठी शब्द नाही असं मला त्या रात्री वाटलं होतं. तसं नाही. नेमकं विशेषण मला सापडलं नाही, पण क्रिया आहे. 'मन लावून', 'जीव लावून' असं आपण म्हणतो, आणि ते नेहमी एखाद्या कामाला जोडूनच म्हणतो. मन लावून वेचते, जीव लावून शिवते. माणसाच्या नावापुढे चिकटवायला ते येत नाही. काय करते हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. बायोडाटात बसत नाही ते यामुळेच, आणि मावशींना खटकलं होतं तेही कदाचित हेच.

चार दिवसांनी मायलेक परत आली. मोबाईल नंबरात एक आकडा माझ्याकडून चुकला होता. मी दुरुस्त करायला घेतला आणि मावशींना विचारलं, पोरगा काय करते मन लावून?

"मोटर," त्या लगेच म्हणाल्या. "इहिरीवरची मोटर खोलून बसला का याले जेवाचं भान नसते. एकेक तार पुसून ठेवते. लोकाची असो का आपली."

पोरगा लाजून भिंतीकडे बघायला लागला. मी ते वाक्य इंग्रजीत लिहिलं: पाण्याच्या मोटरी खोलून, वाइंडिंग तपासून दुरुस्त करतो. खाली तो जुना शब्द होताच. तो पुसायच्या आधी मी मावशींना सांगितलं की याचा अर्थ मी त्या दिवशी बरोबर सांगितला नव्हता. हा शब्द वेचणीतून आलेला आहे. नीट बघून, चांगलं तेवढं वेचणाऱ्याचा शब्द आहे.

"कापसाच्या वेचणीचा?"

"वेचणीचा. काहीही वेचाचं असो."

त्या जरा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "कवडी नाही घेत, तो?"

"हो. तोच."

"मंग राहू द्या."

प्रिंट निघाली. मावशींनी हात लुगड्याला पुसले आणि कागद दोन्ही कोपऱ्यांना धरून घेतला. अंगठ्याच्या कडेला दोन ताजे ओरखडे होते. कागदावर त्यांच्या बाहीचा एक तंतू पडला, तो त्यांनी चिमटीत उचलला, आणि पोराला म्हणाल्या, चाल, पाचची गाडी गेली त सातशिवाय नाही.